आजोबांनी शाळा सोडून मोटर धरली

तुमच्या आईचं पत्र आलं. धाकट्याला कॉलेज अर्ध्यात सोडून कसल्याशा यंत्रांच्या दुरुस्तीचं काम शिकायचं आहे, त्यात पैसे चांगले मिळतात असं तो म्हणतो, आणि त्यावरून सध्या जेवणाच्या टेबलावर फक्त भांडी वाजतात, असं कळलं. मी कुणाची बाजू घेणार नाही. इतक्या लांबून घेतलेली बाजू टपालातच शिळी होते. पण तुमच्या आजोबांनीही पदवी वगैरे काही नसताना एक काम सोडून दुसरं धरलं होतं, आणि त्या दुसऱ्या कामाच्या पगारावर तुमचे वडील शिकले. 'आजोबा आधी मास्तर होते, मग मोटरीवर गेले' एवढंच वडिलांनी तुम्हाला सांगितलं असेल. मधलं त्यांना ठाऊक नाही. ते तेव्हा पाळण्यात होते.

माझं माहेर बेळगावचं. वडील कचेरीत होते आणि इंग्रजीवर त्यांचा फार जीव. मला त्यांनी कॅम्पातल्या मुलींच्या शाळेत घातलं आणि मॅट्रिक होईपर्यंत काढलं नाही. मग निपाणीत दिलं. तुमचे आजोबा तिथल्या मराठी शाळेत मास्तर होते. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी झालेले. इंग्रजी अक्षरं ओळखत, पण सबंध वाक्य समोर आलं की पुस्तक हळूच माझ्याकडे सरकवत. मुलगी मुलापेक्षा जास्त शिकलेली, म्हणून लग्नाच्या वेळी नातेवाइकांत बरीच कुजबुज झाली. सासूबाईंनी ती एका वाक्यात मिटवली. ''इंग्रजी येतंय तर येऊ दे की. भाकरी येते का ते विचारा.'' भाकरी येत नव्हती. ती त्यांनीच शिकवली.

निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. हंगामात पेठेतून जाताना पाहुणे शिंकून शिंकून लाल होत आणि आम्हाला काहीच होत नसे. गावात चार पैसे कुणाकडे असले तर ते तंबाखूवाल्यांकडे. मास्तरांना मान होता. रस्त्यानं चालले की ओट्यावरची माणसं उठून उभी राहत. महिनाअखेरीला मात्र घरात तेलाच्या बुधलीपासून सगळं एकदमच तळाला जाई, आणि सासूबाई शेजारी जाऊन विरजण मागत, खरं तर घरात दूधच संपलेलं असे.

यांना यंत्रांचं वेड. शाळेचं घड्याळ बंद पडलं तर यांनीच उघडायचं, शेजारणीचं शिवणयंत्र कुरकुरलं तर यांनीच तेल घालायचं. आमचा स्टोव्ह तर महिन्यातून एकदा विनाकारणच खोलला जाई. तेवढ्या दिवशी चूल पेटवावी लागे.

गावातल्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवायला हे संध्याकाळी जात. सारं गाव त्या व्यापाऱ्यांना अण्णा म्हणे. त्यांच्या आईला घरचेदारचे सगळे आक्का म्हणत. अण्णांकडे मोटर होती, उघडी, कापडी टपाची. तिला एक कोल्हापूरचा ड्रायव्हर होता. तो मोटर चालवायचा बरी, पण निपाणीहून संकेश्वरकडे जाताना तवंदीचा घाट लागतो, तिथे दर खेपेला ती दमायची. मग सगळ्यांनी उतरायचं, चालत वर जायचं, आणि हा रिकामी मोटर घेऊन पुढे. संकेश्वर आक्कांचं माहेर. थोरल्या भावाला सोनं द्यायला त्या दर दसऱ्याला तिकडे जात. त्याच्या आदल्या वर्षीच्या दसऱ्याला आक्का गुडघे धरत घाट चढत होत्या आणि नेमकी अण्णांच्या चढाओढीतल्या दुसऱ्या व्यापाऱ्याची मोटर भोंगा वाजवत शेजारून गेली. तो भोंगा अण्णा वर्षभर विसरले नाहीत. अखेर आषाढीच्या सुमारास ड्रायव्हरची आणि त्यांची जुंपली, आणि तो नोकरी सोडून गेला.

मोटर गोठ्याशेजारी उभी. हे मुलांना पाढे म्हणायला सांगून खिडकीतून तिच्याकडेच बघत बसत. शेवटी अण्णाच म्हणाले, ''मास्तर, पोरांस्नी शिकवताय का मोटरीला? जावा, बगा जवळ जाऊन. चावत न्हाय ती.''

त्या दिवशी हे घरी आले ते एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन. मोटरीबरोबर आलेलं, कुणी न उघडलेलं. पानं अजून एकमेकांना चिकटलेली. ''हे तू वाच आणि मला मराठीत सांग,'' म्हणाले.

माझ्या शाळेतल्या इंग्रजीत राजे होते, गलबतं होती, डोंगरउतारावरची फुलं होती. त्यात कार्ब्युरेटर नव्हता. पहिल्या पानावरच मी अडले. पण वाक्य दोनदा-तीनदा वाचलं की आत काय चाललंय ते हळूहळू दिसायला लागे, आणि मग घरात तसं काय आहे ते मी शोधी. रेडिएटर म्हणजे आपला बंबच, फक्त पाणी तापवायला नव्हे तर निववायला. क्लच म्हणजे जात्याचे दोन दगड, टेकले की एकाबरोबर दुसरा फिरतो, उचलला की सुटतो. कार्ब्युरेटर म्हणजे स्टोव्हचा बर्नर, बारीक भोकातून तेल आणि हवा. हे ऐकत, मान डोलावत, आणि दुसऱ्या दिवशी अण्णांच्या गोठ्यात जाऊन ते ते हाताळून येत.

सासूबाई आतून ऐकत. ''बंब, जातं, स्टोव्ह... सैपाक शिकवतेस की काय गं त्याला?''

''नाही, मोटर.''

''मग बरं. सैपाक शिकवला असतास तर पोटाला तरी झालं असतं.''

पुढे गावोगाव उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटरवरच्या एका मिस्त्रीनं यांना रविवारी गावाबाहेरच्या माळावर हात धरून शिकवलं. हे बेळगावला जाऊन पोलिस साहेबासमोर परीक्षाही देऊन आले. साहेबानं यांना झाडाभोवती मोटर उलटी फिरवायला लावली. ती यांनी फिरवली, आणि मग साहेबानं इंग्रजीत काहीतरी विचारलं त्याला 'येस सर' म्हणाले. काय विचारलं ते यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण लायसन मिळालं.

तोवर घरात सगळं गमतीत चाललं होतं. लायसन आलं आणि गंमत थांबली, कारण अण्णांनी सरळ विचारलं. पगार शाळेच्या अडीचपट, शिवाय दिवाळीला सगळ्यांना कापड. फक्त एक अट. ''दसऱ्याला आक्काला संकेश्वरला न्यायचं. घाटात तिला खाली उतरायला लागलं न्हाय, तर तुमी आमचे. लागलं, तर तुमची शाळा हायच की.''

शाळा होती, पण ती दसऱ्यापर्यंतच. यांनी सरावासाठी बिनपगारी रजा काढली होती आणि हेडमास्तरांना ते मुळीच आवडलं नव्हतं. त्यांचा एक पुतण्या नोकरी शोधत होता. दसऱ्यानंतर शाळा उघडेल त्या दिवशी वर्गात उभे नसलात तर त्याला घेईन, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे घाट चढला की तुमचे आजोबा ड्रायव्हर, न चढला की खाली मान घालून परत मास्तर. त्या खाली घातलेल्या मानेची यांना फार धास्ती. सारं गाव हसणार होतं.

सासूबाईंना मात्र घाट चढूच नये असं वाटत होतं. तसं त्या लपवतही नव्हत्या. ''मास्तर म्हणून लोक वाकून नमस्कार करतात. उद्या दुसऱ्यासाठी दार उघडून उभा राहणार? घराण्यात कुणी केलंय का असलं?''

''आई, घराण्यात कुणाकडे मोटर होती का?''

''नव्हती म्हणून तर म्हणते. बैलगाडीसुद्धा आपल्याकडे दुसरा माणूस हाकायचा.''

''आणि त्याला पैसे कुणी द्यायचं?''

यावर सासूबाई उठून तुळशीला पाणी घालायला जात. दिवसातून किती वेळा तुळशीला पाणी मिळालं त्यावरून घरात किती वाद झाला ते मला कळे. त्या महिन्यात तुळस तेवढी सुरेख तरारली.

आता खंडेनवमीचं सांगते. आमच्याकडे त्या दिवशी ज्यानं त्यानं आपापल्या हत्यारांची पूजा करायची. सुतार पटाशी-रंधा मांडतो, शेतकरी नांगर धुतो, तंबाखूवाले काटे-मापं पुजतात. आमच्या घरी पाटावर पुस्तकं, टाक, दौत असायची. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्या हत्याराला हात लावायचा नाही. लहानपणी मला हा सण फार आवडे, कारण त्या दिवशी अभ्यास कर असं कुणी म्हणू शकत नसे.

नवमीच्या सकाळी अण्णांचा निरोप आला. ''मोटर आता मास्तरांचं हत्यार. त्यांच्याच दारात पुजू द्या. दसऱ्याला सकाळी घेऊन या.''

आणि आमच्या बोळात मोटर आली. बोळ एवढा अरुंद की दोन्हीकडच्या ओट्यांवरची माणसं पाय वर घेऊन बसली. यांनी ती आमच्या दाराशी उभी केली, झेंडूची माळ बांधली, आणि सासूबाईंकडे न बघता म्हणाले, ''पूजा मी करतो. तुम्हाला नको असेल तर आत बसा.''

सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. मोटरीकडे पाहत होत्या. ऊन पडलं होतं, पितळेचे दिवे लखलखत होते. मला वाटलं, आता तुळशीकडे जातील. पण त्या आत गेल्या आणि सोवळं नेसून, पूजेचं तबक घेऊन बाहेर आल्या.

''सरक तिकडे. तुला उपचार तरी माहीत आहेत का? दारात आलेल्याला असं कोरडं ठेवायचं असतं होय?''

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. मग ज्या पूजेला सुरुवात झाली ती तुम्ही बघायला हवी होती. चाकांना पाय समजून पाणी. दिव्यांना डोळे समजून नुसतं फूल, कारण डोळ्यांत कुंकू जाईल. पुढच्या काचेखाली एक झाकण होतं, त्याच्यावर गंध. हे भक्तिभावानं शेजारी हात जोडून उभे. मधेच सासूबाईंनी विचारलेलं मी ऐकलं, ''ही खाते-पिते कुठून रे?'' आणि यांनी त्या काचेखालच्या झाकणाकडे बोट केलं, ''तिथून. पेट्रोल तिथून घालायचं.'' मग माझी पुरणपोळी तव्यावर होती म्हणून मी आत गेले, आणि हे बोळातल्या मुलांना खोबरं वाटायला गेले.

संध्याकाळी यांना चैन पडेना. उद्याचा घाट डोळ्यांसमोर. एकदा इंजिन सुरू करून बघतो, म्हणाले. सासूबाई आडव्या आल्या. ''आज हात लावायचा नाही. आज ती देव आहे. उद्या उत्तरपूजा झाली की मोटर.''

इतके दिवस जिला नावं ठेवली तिला आईनं देव म्हटलं, एवढ्यावरच हे विरघळले. हात लावला नाही.

दसऱ्याच्या सकाळी आक्कांनी मुद्दाम निरोप पाठवला होता की मास्तरांच्या आईला आणि बायकोला पण आणा, तेवढीच सोबत. तुमच्या वडिलांना शेजारच्या आत्याबाईंकडे ठेवून आम्ही दोघी मागे आक्कांच्या शेजारी बसलो. अण्णा पुढे, यांच्या डाव्या हाताला. मोटर दोनदा हँडल मारताच सुरू झाली आणि पेठेतून अशी निघाली की मला आपण दिवाणाच्या बायकोसारख्या दिसत असू असं वाटलं. सासूबाई ताठ बसल्या होत्या. कुणी ओळखीचं दिसलं की पदर सारखा करत.

सपाटीवर सगळं उत्तम. अण्णा तर गुणगुणायला लागले होते. घाट सुरू झाला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर मोटर खोकली. मग एक आचका, मग दुसरा, आणि ती उभीच राहिली. हे खाली उडी टाकून उतरले आणि मागच्या चाकाला धोंडा लावला.

अण्णांनी फेटा काढून गुडघ्यावर ठेवला. ''झालं. आलं मूळपदावर.''

आक्कांनी सवयीनं लुगड्याचा काठ वर धरला आणि पायानं जोडे शोधायला लागल्या. हे त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. ''आक्का, बसून ऱ्हावा. कुणी उतरायचं नाही.'' मग माझ्याकडे बघून, ''काय होतं गं पुस्तकात? ठिणगी बघून झाली की पुढे काय?''

''ठिणगी असेल तर तेल,'' मी म्हटलं. ''टाकीपासून खाली खाली बघत यायचं.''

ठिणगी होती. मग हे मोटरीखाली निजले. टाकीच्या नळीला खाली एक वाटीसारखं भांडं असतं, घाण साठायला. त्याच्या बुडाचं बूच, खिटा म्हणतात त्याला, यांनी सोडलं. पेट्रोल यायला हवं होतं, ते आलं नाही. पांढरं काहीतरी आलं, गुठळ्या गुठळ्यांचं. सपाटीवर ते टाकीच्या तळाशी निजून राहिलं होतं. चढ लागला तसं नळीकडे सरकलं.

हे खालून बाहेर आले. बोटावर ते पांढरं होतं. त्यांनी ते हुंगलं, आणि माझ्याकडे पाहिलं, आणि मग मागे बसलेल्या आईकडे. मला एका क्षणात सगळं कळलं.

''काय निघालं?'' अण्णा.

''कचरा,'' हे म्हणाले.

''कचरा?'' अण्णांचा आवाज चढला. ''काल दिसभर मोटर तुमच्या दारात हुती. टाकीत कचरा जातोयच कसा? डोळं कुठं हुतं तुमचं? म्या म्हटलं मास्तर मानूस हाय, नीट बघंल. त्यापरास तो कोल्हापूरचा काय वाईट हुता?''

खरं सांगितलं असतं तर दोष यांच्या अंगावरून उतरला असता. 'कचरा' म्हणून सांगितलेलं खोटं तर यांच्यावरच उलटलं होतं. पण हे नुसतं बोट धोतराला पुसत राहिले. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला.

''कचरा काय म्हणतोस रे? पंचामृत आहे ते! सोवळ्यानं केलेलं. मी घातलंय.''

अण्णा वळून बघायला लागले. ''काय घातलंय?''

''पंचामृत. पूजेला काय नुसतं लांबून दाखवायचं? तोंड होतं, घातलं. उपाशी ठेवायची होती काय वरसाच्या सणाला?''

आक्का सासूबाईंकडे वळल्या, आणि बाईनं बाईला विचारावं तसं विचारलं, ''साखर घातलीसा का मध?''

''दोन्ही.''

''आनि केळं?''

''केळं नाही घातलं. म्हटलं, घशात अडकेल.''

आक्का हसायला लागल्या. अशा हसल्या की त्यांचं सगळं अंग हलायला लागलं, आणि त्यांच्याबरोबर मोटर. ''ऐकलास काय रं? आपल्या घरात ही एवडी वर्सं ऱ्हायली, पर हिला कुणी घासभर घातलं न्हाय. म्हणून बसत हुती घाटात!''

हे तेवढ्यात सगळं पंचामृत खाली सोडायला मोटरीखाली गेले, तशा दोघी म्हाताऱ्या एकदम ओरडल्या. ''अरे, रस्त्यावर नको! पायदळी येईल!'' सकाळपासून एकमेकींशी मोजकंच बोलणाऱ्या या दोघींचं आता एकमत झालं. बरोबर आणलेला पाण्याचा तांब्या रिकामा केला गेला. धरायला कुणी मोकळं नव्हतं. हे खिटा सोडणार, आम्ही तिघींनी उतरायचं नाही. मग निपाणीचे मोठे तंबाखूचे व्यापारी रेशमी फेटा सांभाळत आपल्याच मोटरीखाली उकिडवे बसले, तांब्या धरून. पंचामृत आलं, त्यामागून पेट्रोल आलं. ''अजून हाय का ओ, मास्तर?'' अण्णा विचारत आणि हे म्हणत, ''थोडं आहे. मध जरा सावकाश येतो.''

तो तांब्या अण्णांनीच रस्त्याच्या कडेच्या एका झाडाच्या बुंध्याशी ओतला आणि सवयीनं हात जोडले. यांनी नळी फुंकून साफ केली, कार्ब्युरेटरचं भोक फुंकलं, पुन्हा सगळं जोडलं. तोंडाला मध आणि पेट्रोल दोन्ही लागलं होतं. हँडल मारलं. मोटर दोनदा खोकली आणि चालू झाली.

वरपर्यंत ती थांबली नाही. शेवटच्या वळणावर मला वाटलं, आता थांबते. माझ्या शेजारच्या हाताचा पंजा माझ्या मनगटावर घट्ट आवळला होता. सासूबाईंचाच. घाट चढू नये म्हणणाऱ्या सासूबाई डोळे मिटून तोंडानं पुटपुटत होत्या.

माथ्यावर अण्णांनी मोटर थांबवायला लावली. ते उतरले, यांनाही उतरायला सांगितलं. इंजिन बंद होतं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

''मास्तर, आक्काला उतरायला लागलं न्हाय, हे मला मान्य हाय. पर एक इचारतो. कचरा का म्हटलासा?''

''आई आहे माझी.''

''ते कळलं मला. मी बी आईलाच घेऊन आलोय. पर माझी आई ज्या मोटरीत बसती, तिला काय झालंय हे मला खरं सांगायला पायजे का न्हाय? आज पंचामृत हुतं. उद्या बिरीकात काय झालं आणि तुमी कचरा म्हटलासा, तर?''

यांनी मान खाली घातली. ज्या खाली मानेची भीती वाटत होती ती घाट चढून वर आल्यावर घालावी लागली. मग हे म्हणाले, ''मोटरीचं खोटं पुन्हा सांगणार नाही. त्यात आईचं काही निघालं तर तुम्हाला आधी बाजूला घेऊन सांगेन.''

अण्णांनी विचार केला. ''हे चालंल,'' म्हणाले. ''आनि त्या टाकीला कुलूप करून घ्या. किल्ली तुमच्याजवळ.''

''कुलूप कशाला?'' मागून सासूबाई. ''पुढच्या वर्षी नुसतं दाखवीन.''

''न्हाय, कुलूपच,'' अण्णा आणि तुमचे आजोबा एकदम म्हणाले.

संकेश्वरला आक्कांच्या भावानं सगळ्यांना जेवायला बसवलं. घाटाची गोष्ट आक्कांनी इतक्यांदा सांगितली की परत निघेपर्यंत त्यात केळं पण पडलं होतं. आम्ही दिवस मावळायच्या आत निपाणीत आलो. अण्णांच्या वाड्याशी मोटर सोडून चालत घरी आलो. बोळात सगळ्यांना बातमी आधीच पोचली होती. कशी, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

घरी आल्यावर मात्र हे ओट्यावर बसून राहिले. शाळा दोन दिवसांनी उघडणार होती. हेडमास्तरांना सांगायला हवं होतं. मी म्हटलं, ''उद्या जा.'' हे म्हणाले, ''उद्या जाईन.'' उद्याही हे असेच ओट्यावर बसणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. इतक्या वर्षांची शाळा. पहिलीपासूनची मुलं. अडीचपट पगार ऐकताना गोड लागतो, पण शाळेच्या दारात जाऊन 'मी येत नाही' हे म्हणायला वेगळंच काहीतरी लागतं.

सासूबाई सोनं वाटायच्या तयारीत होत्या. त्यांनी आपट्याच्या पानांची जुडी यांच्या हातात ठेवली.

''हेडमास्तरांना सोनं द्यायचं राहिलंय ना? मग जा की. देऊन ये आणि तिथंच सांगून टाक. त्या पुतण्याचाही दसरा गोड होऊ दे.''

''आई, तुम्हाला चालेल?''

''मला काय विचारतोस? मी सकाळी त्या घाटात नवस बोलून बसले. आता तू नाही म्हटलंस तर देवाला काय सांगू, कचरा होता म्हणून?''

हे हसले. सकाळपासून पहिल्यांदाच. चपला पायात सरकवल्या, धोतराला पेट्रोलचा वास होता तो तसाच, आणि बोळातून निघाले. ओट्यावरची माणसं सवयीनं उठून उभी राहिली. हे थांबून एकेकाला सोनं देत पुढे गेले, त्यामुळे हेडमास्तरांच्या घरापर्यंत पोचताना त्यांच्यासाठी एकच पान उरलं. ते यांनी दिलं, आणि सांगून आले.